समजून घ्या : मित्रांसोबत जपानला जाताय? ‘व्हेज’ सूपमध्ये मासा, बिलात न मागितलेली वाटी आणि रस्त्यावर कचरापेटीच नाही… असे का?

घसरलेला येन, ई-व्हिसाची सोय आणि मोबाइलवर दिवसभर फिरणाऱ्या रामेन-सुशीच्या रील्स. या तिन्हींमुळे भारतीय तरुणांच्या ग्रुप ट्रिपच्या यादीत बँकॉक आणि बालीच्या शेजारी आता टोकियोचे नाव दिसू लागले आहे. चार-सहा मित्रांचा गट निघतो, तेव्हा विमानाचे तिकीट आणि हॉटेल हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. खरी कसोटी लागते ती पहिल्या जेवणाला. एक जण पक्का शाकाहारी, दुसरा सगळे खाणारा, तिसऱ्याला बीफ आणि पोर्क चालत नाही, चौथ्याचे लक्ष फक्त किमतीकडे. त्यात मेन्यू जपानीत आणि बाहेर रांग लागलेली. अशा वेळी नेमके काय होते आणि ते का होते, याचा हा आढावा.

किती भारतीय जपानला जात आहेत?

जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पर्यटक जपानमध्ये आले. २०२५ मध्ये हा आकडा प्रथमच ४ कोटींच्या वर गेला. भारतीयांचा वाटा यात छोटा आहे, पण तो वेगाने वाढतो आहे. २०१९ मध्ये सुमारे पावणेदोन लाख भारतीय जपानला गेले होते. २०२४ मध्ये ही संख्या २ लाख ३० हजारांच्या पुढे गेली. भारतीयांसाठी पर्यटनाचा ई-व्हिसा एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाला.

दुसरे कारण चलनाचे. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६१ येनपेक्षा जास्त मोजावे लागत होते. येनचा हा सुमारे ३८ वर्षांतला नीचांक होता. त्यानंतर दर वर-खाली होत राहिला, तरी १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये असे गणित धरून खर्चाचा अंदाज बांधता येतो. म्हणजे हजार येनचा रामेनचा वाडगा सुमारे पावणेसहाशे रुपयांना पडतो. मुंबई-पुण्यातल्या बऱ्या जपानी रेस्तराँत याहून जास्त मोजावे लागतात.

‘व्हेज’ सूपमध्ये मासा कुठून येतो?

याचे उत्तर एका शब्दात आहे : दाशी. आपल्याकडे फोडणीशिवाय आमटी होत नाही, तसे जपानी स्वयंपाकात दाशीशिवाय पान हलत नाही. दाशी म्हणजे एक पातळ, निवळ अर्क. सर्वांत रूढ दाशी दोन गोष्टींपासून होते. एक कोंबू, म्हणजे समुद्रातले वाळवलेले शेवाळ. दुसरी कात्सुओबुशी, म्हणजे बोनिटो मासा शिजवून, धुरावून आणि लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवून त्याचे काढलेले पातळ काप. काही ठिकाणी सुके छोटे मासे वापरतात, त्यांना निबोशी म्हणतात.

ही दाशी दिसत नाही, तिचा वासही भारतीय नाकाला पटकन ओळखू येत नाही. मिसो सूपमध्ये वर तरंगतो तो टोफू आणि कांद्याची पात, पण पाणी असते दाशीचे. उदोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा दाशीचा. थंड सोबा ज्यात बुडवून खातात ती चटणीही दाशीचीच. भाज्यांच्या तेंपुराबरोबर येणारी वाटी दाशीची. ‘कित्सुने उदोन’मध्ये तळलेला टोफू असतो, म्हणून तो शाकाहारी आहे असे वाटते, पण त्याचाही रस्सा बहुतेक वेळा माशाचाच असतो. ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्यावर वाफेने हलताना दिसणारे तपकिरी काप म्हणजे कात्सुओबुशी.

या चवीमागे रसायनशास्त्र आहे. टोकियोच्या विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबूतून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्यांच्या शोधावर आधारित मसाला बाजारात आला. त्याचे नाव अजिनोमोटो. आपल्याकडे हातगाडीवरच्या चायनीजमुळे हे नाव घराघरांत पोहोचले. कात्सुओबुशीत इनोसिनेट हा दुसरा घटक असतो. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव बेरजेने नव्हे, तर पटीने वाढते. म्हणूनच शेवाळ आणि मासा ही जोडी जपानी स्वयंपाकातून सहज वेगळी काढता येत नाही.

मग वेटर ‘यात मांस नाही’ असे का सांगतो?

तो बहुतेक वेळा फसवत नसतो. जपानीत मांसाला ‘निकु’ म्हणतात आणि बोलीत त्याचा अर्थ गाय, डुक्कर, कोंबडी यांचे मांस असा होतो. मासा म्हणजे ‘साकाना’, तो वेगळ्या खणात. ‘निकु नाही ना?’ असे विचारले, तर ‘नाही’ हे उत्तर त्याच्या दृष्टीने खरेच असते.

या विभागणीला इतिहास आहे. बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली सम्राट तेन्मु यांनी इ. स. ६७५ मध्ये वर्षाच्या ठरावीक महिन्यांत गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. मासे त्या यादीत नव्हते. पुढच्या शतकांत असे निर्बंध पुन्हा पुन्हा आले. चोरूनमारून मांस खाल्ले जात होते, पण रोजच्या ताटातले प्रतिष्ठित अन्न म्हणजे भात, भाज्या, सोयाबीन आणि मासे हेच राहिले. १८७२ मध्ये मेइजी सम्राटांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा पाश्चात्त्य जगाशी बरोबरी करू पाहणाऱ्या देशाने मांसाहाराला उघडपणे मान्यता दिली. आज रामेन, ग्युदोन आणि वाग्यू ही जपानची ओळख वाटते, पण त्यांचा इतिहास त्यामानाने ताजा आहे.

भारतात पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण कायद्याने छापावाच लागतो. जपानमध्ये असा सक्तीचा ठिपका नाही. शाकाहारी आणि व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये राष्ट्रीय मानक तयार झाले, मात्र ते ऐच्छिक आहे. त्यामुळे दुकानातले बहुतेक पदार्थ त्या शिक्क्याशिवायच विकले जातात.

शाकाहारी मित्राने विचारायचे कसे आणि खायचे काय?

‘आय अ‍ॅम व्हेजिटेरियन’ हे वाक्य अनेकदा कामाचे ठरत नाही. काय चालत नाही ते नावानिशी सांगितले तर गोंधळ टळतो. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ म्हणजे मांसही खात नाही आणि मासाही नाही. त्यापुढे ‘साकाना नो दाशी मो दामे देस’ म्हणजे माशाची दाशीही चालत नाही. हे मोबाइलवर जपानीत लिहून ठेवून दाखवणे आणखी चांगले.

त्यावर हॉटेलवाला हाताने फुली करून ‘नाही’ म्हणाला, तर तो अपमान समजू नये. रस्सा सकाळीच एका मोठ्या पातेल्यात तयार झालेला असतो, त्यातून मासा बाजूला काढता येत नाही. ‘थोडे अ‍ॅडजस्ट करा’ ही विनंती तिथे फारशी चालत नाही. खोटे आश्वासन देण्यापेक्षा नकार देणे तिथे योग्य मानले जाते.

पाकिटावरचा मजकूर मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करता येतो. त्यात कात्सुओ, निबोशी, जिलेटिन, लार्ड हे शब्द शोधावेत. ‘पोर्क एकिस’ किंवा ‘चिकन एकिस’ म्हणजे त्या मांसाचा अर्क. बटाट्याच्या वेफर्समध्ये आणि तयार करीच्या वड्यांमध्येही तो सापडतो.

तुलनेने निर्धोक गोष्टीही आहेत. फक्त मिठाचा भात असलेली ‘शिओ मुसुबी’ ओनिगिरी, काकडीची ‘काप्पा माकी’, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा म्हणजे एदामामे, भाजलेले रताळे, बहुतेक दाइफुकु आणि मोची. थंड टोफू मागवताना वरचे माशाचे काप नको, असे आधीच सांगावे. इनारी सुशीतला टोफू आणि उमेबोशीची ओनिगिरी निरुपद्रवी दिसते, पण तिथेही दाशी असू शकते. पूर्ण व्हीगन रामेन हवे असेल तर टोकियो स्थानकात तिकीट गेटच्या आतल्या बाजूला असलेले ‘टीज तानतान’ हे दुकान शाकाहारी प्रवाशांमध्ये प्रसिद्ध आहे.

पूर्ण शाकाहारी जपानी जेवण मिळतच नाही का?

मिळते, आणि ते शेकडो वर्षे जुने आहे. ‘शोजिन ऱ्योरी’ म्हणजे बौद्ध मठांतला स्वयंपाक. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा, लसूण यांसारख्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. जैन किंवा चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घरांना हा नियम ओळखीचा वाटेल. दाशी कोंबू आणि वाळवलेल्या शिइताके अळंबीची असते. तिळाचा मऊ टोफू, गोठवून वाळवलेला कोया-दोफु, मोसमी भाज्या, भात आणि लोणचे असे ताट येते. ओसाकाहून साधारण दोन तासांवर असलेल्या कोयासान या डोंगरावरील तीर्थक्षेत्री पन्नासच्या आसपास मठांमध्ये मुक्कामाची सोय आहे. तिथे रात्रीचे जेवण सहाच्या सुमारास होते, त्यामुळे उशिरा पोहोचणाऱ्या गटाची पंचाईत होते.

मराठी प्रवाशांसाठी आणखी एक धागा आहे. बौद्ध धर्माबरोबर गणपतीही जपानला पोहोचला. तिथे त्याला ‘कांगितेन’ किंवा ‘शोतेन’ म्हणतात. टोकियोतील आसाकुसा भागात ‘मात्सुचियामा शोदेन’ हे त्याचे मंदिर आहे आणि तिथे मुळा वाहण्याची प्रथा आहे. क्योतोमध्ये ‘कांकिदान’ नावाचा एक पदार्थ मिळतो. लाल चवळीसारख्या आझुकीच्या गोड सारणात सुगंधी द्रव्ये घालून, त्याची पुरचुंडी बांधून ती तिळाच्या तेलात तळतात. त्याचे नाते आपल्या तळणीच्या मोदकाशी सांगितले जाते. कळ्या पाडलेला तो आकार पाहिल्यावर वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

सहा जणांच्या गटाला एकत्र जागा का मिळत नाही?

जपानमधली अनेक लोकप्रिय दुकाने अगदी लहान आहेत. रामेनच्या दुकानात आठ-दहा उंच खुर्च्या आणि समोर कट्टा, एवढाच कारभार. एकट्याने येऊन, पंधरा-वीस मिनिटांत खाऊन उठणे ही तिथली रीत. सहा जण एकत्र बसण्यासाठी अडून राहिले, तर मागची रांग थांबते. दोन-दोनच्या जोड्या करून आत जाणे आणि बाहेर भेटणे हा सोपा उपाय. जागा धरून ‘मित्र येतोय’ असे सांगणेही तिथे चालत नाही. सगळे आल्यावरच रांगेत उभे राहावे, अशा सूचना अनेक ठिकाणी लिहिलेल्या असतात.

बऱ्याच ठिकाणी ऑर्डर दाराजवळच्या तिकीट यंत्रावर द्यावी लागते. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी आत द्या. इथे रोकड लागते. ३ जुलै २०२४ रोजी जपानने १०००, ५००० आणि १०,००० येनच्या नव्या नोटा आणल्या, तेव्हा छोट्या दुकानांतली अनेक यंत्रे त्या नोटा ओळखत नव्हती आणि बदलण्याचा खर्च दुकानदारांना परवडणारा नव्हता. रामेनच्या धंद्यात ‘हजार येनची भिंत’ असा शब्दप्रयोग आहे. वाडग्याची किंमत हजाराच्या वर नेली की रोजचे गिऱ्हाईक दुरावते, ही ती भीती. दुसरीकडे पर्यटकांच्या भागांत काही हजार येनच्या सीफूड वाडग्यांना ‘इनबाउंड-दोन’, म्हणजे पाहुण्यांसाठीचा वाडगा, असे उपहासाने म्हटले जाते. स्टेशनपासून दोन गल्ल्या आत गेले की किंमत बहुतेक वेळा उतरते.

बिलात न मागितलेली वाटी कशाची?

इझाकाया म्हणजे पेय आणि छोटे पदार्थ मिळणारी बैठी जागा. मित्रांच्या संध्याकाळीसाठी उत्तम. पण बसताक्षणी प्रत्येकापुढे एक छोटी वाटी येते. तिला ‘ओतोशी’ म्हणतात. ती मोफत नसते. माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. तो एक प्रकारचा बैठकीचा आकार आहे. चौघांचे ४०० येनप्रमाणे १६०० येन झाले, म्हणजे नऊशेच्या आसपास रुपये. शिवाय प्रत्येकाने किमान एक पेय मागवावे अशी अपेक्षा असते. न पिणाऱ्याने ऊलाँग चहा मागवला तरी चालतो. ‘आम्ही दोघे नुसते बसतो’ हे मात्र चालत नाही. मद्यपानाचे किमान वय २० आहे.

पैसे टेबलावर नव्हे, दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे. तिथे एक छोटा ट्रे असतो, नोटा हातात न देता त्यात ठेवायच्या. वेगवेगळे बिल हवे असल्यास ‘बेत्सु-बेत्सु’ म्हणतात, पण गर्दीच्या वेळी ते नाकारले जाऊ शकते. आपसांत समान वाटणी करणे म्हणजे ‘वारिकान’. गटातल्या भांडणाचे मूळ बहुतेक इथेच असते. एकाने सॅलड खाल्ले, दुसऱ्याने तीन ग्लास बीअर घेतली आणि भागाकार मात्र सारखा. यूपीआयची सवय असलेल्यांनी एकाने भरून रात्री हॉटेलवर हिशेब करावा, पण खाणे-पिणे वेगळे धरायचे की एकत्र, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. टिप द्यायची नसते. टेबलावर पैसे सोडले तर ‘आपण विसरलात’ म्हणत कर्मचारी मागे धावत येतो.

करातही एक गंमत आहे. ऑक्टोबर २०१९ पासून उपभोग कर १० टक्के आहे, पण बांधून नेलेल्या अन्नावर तो ८ टक्के लागतो. त्यामुळे तोच पदार्थ बसून खाल्ला तर किंचित महाग पडतो.

जेवताना कोणत्या गोष्टी टाळायच्या?

चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचून ठेवू नयेत. मृत व्यक्तीपुढे ठेवल्या जाणाऱ्या भातात त्या तशा रोवतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी तशा प्रकारे उचलतात. पिंडाचा अर्थ माहीत असणाऱ्या मराठी माणसाला यामागची भावना समजावून सांगावी लागत नाही. मित्राला चव द्यायची असेल तर घास त्याच्या ताटलीत ठेवावा.

नूडल्स मात्र आवाज करत ओढून खाल्ल्या तरी चालतात. जेवण्यापूर्वी ‘इतादाकिमासु’ आणि उठताना ‘गोचिसोसामा’ म्हणतात. पहिल्याचा भाव ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’ असा आहे, ‘वदनी कवळ’ म्हणणाऱ्या घरांना तो परका नाही. फूड कोर्टमध्ये आपला ट्रे आपणच परत नेऊन ठेवायचा असतो. ‘वाशोकु’ म्हणजे जपानी पारंपरिक आहारसंस्कृतीला युनेस्कोने डिसेंबर २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते एखाद्या पदार्थासाठी नव्हे. मोसम, मांडणी आणि एकत्र जेवण्याची रीत या सगळ्यांचा त्यात विचार होता.

रेल्वेत गटाचे पैसे कुठे वाया जातात?

पहिली चूक पासची. जेआर पासची सात दिवसांची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनचे एका बाजूचे तिकीट सुमारे १४ हजार येन आहे. जाऊन-येऊन २८ हजार. म्हणजे फक्त ही दोन शहरे पाहणाऱ्याला पास तोट्याचा. जुने व्हिडीओ पाहून तो विकत घेणारे आजही आहेत.

दुसरी गोष्ट कार्डाची. सुइका हे स्पर्शविरहित कार्ड नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाले. गेटवर टेकवताच कार्डातल्या चिपवर प्रवेशाचे स्थानक नोंदले जाते आणि बाहेर पडताना भाडे कापले जाते. त्यामुळे एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. एक माणूस, एक कार्ड. त्यातल्या फेलिका तंत्रज्ञानासाठी वेगळी सोय लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ती नसते, तर आयफोन ८ पासूनच्या आयफोनमध्ये असते. अँड्रॉइडवाल्यांनी प्लास्टिकचे कार्ड घ्यावे.

तिसरी गोष्ट सामानाची. टोकियो-ओसाका मार्गावरील बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल, तर त्यासाठीची जागा आधी आरक्षित करावी लागते, नाहीतर १००० येन आकार पडतो. मोठी बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवण्याची ‘ताक्युबिन’ सेवा १९७६ पासून आहे आणि बहुतेक हॉटेलांच्या काउंटरवरून ती मिळते.

बुलेट ट्रेनमध्ये डबा उघडून जेवणे रीतीचेच आहे. स्थानकावर मिळणाऱ्या ‘एकिबेन’ डब्यांची ती मजाच आहे. शहरातल्या लोकलमध्ये मात्र खाणे आणि फोनवर बोलणे टाळतात. आपल्याकडे पाच मित्र एकत्र आले की डबा दणाणतो. तिथे गप्पांचा आवाज शेजारच्या माणसापर्यंतच राहील, एवढे पाहावे. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे.

कचरापेट्या का नाहीत?

२० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक ठिकाणच्या कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत आणि लोकांनी कचरा पिशवीत घालून घरी नेण्याची सवय लावून घेतली. म्हणून बॅगेत एक रिकामी पिशवी ठेवावी. जुलै २०२० पासून दुकानातल्या प्लास्टिक पिशवीलाही पैसे पडतात. कोम्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकाने, देशात ५० हजारांहून अधिक आहेत. तिथे घेतलेला पदार्थ तिथेच खाल्ला, तर कचरा त्याच दुकानातल्या पेटीत टाकता येतो.

चालता-चालता खाणेही याच कारणाने खटकते. कामाकुरा शहराने २०१९ मध्ये गर्दीत चालत खाऊ नये, असे आवाहन करणारा नियम केला. दंड नाही, पण अपेक्षा स्पष्ट आहे. पदार्थ जिथे घेतला तिथेच उभे राहून संपवावा.

स्थानिक लोक पर्यटकांवर नाराज आहेत का?

काही ठिकाणी आहेत, आणि त्यांची कारणे समजण्यासारखी आहेत. क्योतोच्या गिओन भागात गेइको-माइकोंचे फोटो काढण्यासाठी होणाऱ्या पाठलागाला कंटाळून २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. आत शिरल्यास १०,००० येन दंडाची पाटी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात कावागुचिको येथे एका दुकानामागे दिसणाऱ्या फुजी पर्वताच्या फोटोसाठी एवढी गर्दी झाली, की प्रशासनाने समोर काळा पडदाच लावला. पुढे तो काढला गेला. टोकियोच्या शिबुया भागात ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर मद्यपानाला वर्षभर बंदी आहे. एका पर्यटकाचा आवाज खपून जातो. आठ जणांचा गट अरुंद गल्लीत थांबून रील काढू लागला की तिथे राहणाऱ्याला घरी जायला वाट उरत नाही.

सार्वजनिक स्नानगृहांचेही तसेच. सेंतो आणि ओनसेनमध्ये स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे असतात, मात्र आत कपडे घालून उतरता येत नाही. आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, मग गरम पाण्याच्या कुंडात शिरायचे. टॅटू असल्यास अनेक ठिकाणी प्रवेश नाही. गटातल्या एखाद्याला संकोच वाटला तर आग्रह करू नये. खासगी कुंड तासाच्या भाड्याने देणारी ठिकाणेही असतात.

बॅग भरताना काय पाहावे?

भाकरवडी, चिवडा, खाकरा नेण्यास सहसा अडचण येत नाही. मांस असलेले पदार्थ मात्र पाकीटबंद असले तरी नेता येत नाहीत. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून ते घरीच ठेवावे. औषधांबाबत नियम कडक आहेत. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती जपानमध्ये निषिद्ध आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही नियम आधी तपासावेत. गटातला एक जण सगळ्यांची औषधे एकाच डब्यात नेतो, ती पद्धत इथे अंगाशी येऊ शकते. ज्याचे औषध त्याच्या बॅगेत आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, हे बरे.

आणि आठव्या दिवशी वरण-भाताची आठवण झालीच तर टोकियोच्या एदोगावा विभागातील निशिकासाई गाठावे. जपानमधील भारतीयांची संख्या ५० हजारांच्या पुढे गेली आहे आणि आयटी क्षेत्रातील अनेक कुटुंबे या परिसरात राहतात. अंबरनाथशी नाते असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहात निवडून आले होते. भारतीय किराणा आणि उपाहारगृहे इथे सहज सापडतात.

निघण्यापूर्वी गटाने काय ठरवावे?

तीन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच लिहून ठेवाव्यात. कोण काय खात नाही, अगदी दाशीसह. माशाच्या रश्शाबाबत शाकाहारी मित्राची भूमिका काय आहे, हे त्यानेच ठरवायचे. काही जण प्रवासात ते चालवून घेतात, काही जण नाही. इतरांनी ‘एवढ्याने काय होते’ म्हणून त्याच्या वतीने निर्णय घेऊ नये. दुसरे, रोजच्या जेवणाची कमाल रक्कम आणि हिशेबाची पद्धत. तिसरे, दिवसातले एक जेवण वेगवेगळे घेण्याची मुभा. एकाला रामेनच्या रांगेत तासभर उभे राहायचे असते, दुसऱ्याला कोम्बिनीतली ओनिगिरी घेऊन नदीकाठी बसायचे असते. एकट्याने जेवणे जपानमध्ये अगदी साधी गोष्ट आहे, कोणी वळून बघत नाही. तासाभराने स्टेशनच्या त्याच गेटपाशी भेटायचे, फक्त गेटचा क्रमांक नीट पाहून ठेवायचा. शिंजुकू स्थानकाला बाहेर पडण्याचे २०० च्या आसपास मार्ग आहेत.